नाकवाले आजोबा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून बॅचच्या ग्रुपवर तीनदा मेसेज आला तेव्हा मला ना मैदान आठवलं ना प्रार्थना, आठवले ते चित्रकलेच्या वर्गातले नाकवाले आजोबा.

चित्रकलेच्या सरांनी कपाटाच्या दारावर कुठल्यातरी मासिकाचं पान खळ लावून चिकटवलेलं. लाल कपड्यातला म्हातारा, नाक म्हणजे अक्षरशः सीताफळ, आणि त्याच्या छातीवर हात टेकून वर बघणारं लाल टोपीतलं पोरगं. आम्ही आठवीतले, फिदीफिदी हसायचो. सर म्हणाले, "हसून घ्या. त्या पोराला पण नाक दिसतंय, तुमच्यापेक्षा जवळून दिसतंय. आता त्याचा हात कुठंय ते बघा." मग हसू आलंच नाही असं काही नाही, पण हात बघितला.

एकदा ऑफ तासाला दुसरे एक सर आले, त्यांना आजोबांच्या कपाळावर ओरखडे दिसले आणि नेमकं कर्कटक माझ्या हातात! चार छड्या. मी काही केलं नव्हतं हो, पण ऐकतंय कोण.

खूप वर्षांनी कळलं की ते ओरखडे मूळ चित्रावरच होते, १९९६ ला रिस्टोरेशन करताना मिटवले. माझ्या छड्यांचं रिस्टोरेशन कोण करणार! घिरलांदायो नावाच्या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने १४९० च्या सुमारास लाकडावर काढलंय ते. आजोबा-नातू आपण म्हणतो, नावं दोघांचीही माहीत नाहीत. नाकाच्या त्या आजाराला राइनोफायमा म्हणतात. स्टॉकहोमला याच म्हाताऱ्याचं एक रेखाचित्र आहे, त्यात डोळे मिटलेले, बरेच जण म्हणतात आजोबा गेल्यावर काढलेलं. तसं असेल तर चित्रात त्यांचे डोळे उघडले ते चित्रकारानेच, त्यांना पोराकडे बघायला लावलं, मागे खिडकीत वळणावळणाचा रस्ता काढला, एवढं सगळं मनाने केलं आणि नाकाला मात्र हात लावला नाही. मला वाटतं घरच्यांनीच सांगितलं असेल, नाक तसंच ठेवा नाहीतर आमचे वाटणार नाहीत.

मुलीकडे पॅरिसला गेलो तेव्हा लूव्रमध्ये सगळे मोनालिसाकडे पळाले, मी आजोबांपुढे. चित्र केवढंसं, दोन फूट उंच असेल. कपाळ एकदम स्वच्छ! ओरखड्याची खूण तरी राहिलीये का म्हणून चष्मा वर करून वाकून वाकून बघत होतो तर गार्डने बोटानेच खूण केली, मागे व्हा.

म्हणजे परत संशय आपल्यावरच.