एक कमान उघडी

पहाटेचे तीन वाजले असतील. बाबांनी माझ्या खांद्याला हात लावून मला उठवलं. "टॉर्च दे," एवढंच म्हणाले. मी धसकून उठलो. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला नऊ हजार फुटांवर झोपायला आणलं होतं, तेव्हा मनात पहिला विचार त्यांच्या छातीचाच आला. टॉर्च लावला तर त्यांचं कपाळ ओलं, उशी ओली, आणि डोक्यावरच्या ॲल्युमिनियमच्या कमानीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत थेंबांची रांग. त्यातला एक माझ्यादेखत त्यांच्या भुवईवर पडला.

"छत गळतंय का?" मी विचारलं.

"बाहेर आभाळ स्वच्छ आहे. हे आपलंच पाणी आहे," बाबा म्हणाले आणि कमानीवरून बोट फिरवून ते मला दाखवलं.

कोलोरॅडोच्या दक्षिणेला सॅन लुईस व्हॅलीत, झपाटा फॉल्सच्या कॅम्पग्राउंडवर आम्ही होतो. (हे नाव बाबांना फारच आवडलं होतं.) ऑक्टोबर महिना, बाहेर गोठणबिंदूच्या खाली गेलेली थंडी, आणि आत आम्ही दोघं, मी सव्वा वर्ष खपून राहण्याजोगी केलेल्या एका जुन्या ब्रेडच्या गाडीत.

गाडीविषयी थोडं सांगतो. अमेरिकेत पाव, चिप्स, पार्सलं पोचवायला चौकोनी खोक्यासारख्या गाड्या असतात, त्यांना स्टेप व्हॅन म्हणतात. दार बाजूला सरकतं, पायरी उतरलं की माणूस थेट रस्त्यावर. आत सहा फुटी माणूस ताठ उभा राहतो, म्हणूनच घर करायला मला ती हवी होती. साध्या व्हॅनमध्ये वाकून भाजी चिरणं मला एका वीकेंडच्या वर कधी जमलेलं नाही. माझी गाडी शेव्हरोले पी-30च्या चेसिसवर ग्रुमन ओल्सनने बांधलेली. ग्रुमन म्हणजे तीच कंपनी, जिने 1969 साली दोन माणसांना चंद्रावर उतरवणारं यान बनवलं. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "पत्रा किती गेजचा आहे?"

बाबांनी चौतीस वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला काम केलं. कंपनीकडून नुसती चेसिस यायची, स्टिअरिंग, इंजिन आणि चार-सहा चाकं. तिच्यावर सांगाडा उभा करायचा, ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा, रिव्हेट मारायचे आणि लाल रंगात बाहेर काढायची. आम्ही फुगेवाडीत राहायचो. शाळेत मुलं एसटीला लाल डबा म्हणायची आणि मीही त्यांच्यात म्हणायचो. घरी येऊनही एकदा म्हणालो होतो. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. ते मला अजून आठवतं.

गेल्या जुलैत ते सहा महिन्यांसाठी आले. धाकटीचं बाळंतपण असल्यामुळे आई पुण्यातच थांबली. विमानतळावरून घरी येताना त्यांनी सगळ्यात आधी गाडी बघायला मागितली. ती लाँगमाँटला एका मित्राच्या अंगणात उभी असायची. जेट लॅग, भूक सगळं बाजूला ठेवून बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "उजव्या अंगाचे अकरा रिव्हेट ढिले आहेत."

मी सव्वा वर्ष त्या गाडीत काम करत होतो. मला एकही दिसला नव्हता. त्यांनी दाखवलं: ढिल्या रिव्हेटच्या डोक्याखाली काळपट शेपूट उमटतं. गाडी हादरली की रिव्हेट भोकात घासतो, ॲल्युमिनियमची काळी भुकटी होते आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओघळते. मी तो मळ समजून दोनदा पुसला होता.

पॉप रिव्हेट, म्हणजे एका बाजूनेच मारता येणारे पोकळ रिव्हेट, मारू या, पटकन होईल, असं मी म्हणालो. बाबांनी ऐकलं नाही. भरीव रिव्हेटच हवे होते त्यांना, आणि भरीव रिव्हेटला दोन माणसं लागतात. एक जण बाहेरून गन धरतो, दुसरा आतून डॉली, म्हणजे लोखंडाचा जड ठोकळा, रिव्हेटच्या शेपटीवर दाबून धरतो. पत्र्याच्या दोन बाजूंना दोघे, एकमेकांना न दिसणारे. काँप्रेसर भाड्याने आणला. बाबा बाहेर, मी आत. पत्र्यावर बोटाच्या पेराने एक टकटक म्हणजे अजून मारायचाय, दोन म्हणजे झाला, पुढे चल. दापोडीत त्यांची हीच भाषा होती, कारण त्या आवाजात दुसरी कुठली भाषा चालतच नाही. पहिल्या तीन रिव्हेटांत माझी डॉली सरकली आणि शेपट्या वाकड्या बसल्या. त्यांनी तिन्ही ड्रिलने काढून पुन्हा मारायला लावले. चौथ्याला दोन टकटक आली. मनगटापासून कोपरापर्यंत हात बधिर झाला होता, पण तशी दाद मला कॉलेजात किंवा नोकरीत कधी मिळाली नव्हती.

काम करताना मला त्यांच्या डाव्या कानाचं कोडं सुटलं. लहानपणापासून आम्ही त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलायचो, ती घरातली रीतच होती, कुणी कारण विचारलं नव्हतं. गन ते डाव्या खांद्याला टेकवून धरतात. चौतीस वर्षं.

आता माझी चूक. भिंतींना आणि छताला मी एक इंची फोमचे बोर्ड लावत होतो, वर पातळ प्लाय. छत दुधी फायबरग्लासचं आणि त्याला आतून ॲल्युमिनियमच्या सात कमानी. मी फोटोंमध्ये अशी घरं बघितली होती, ज्यांत या कमानी उघड्या ठेवून घासून चकचकीत केलेल्या असतात. मला ते रूप फार आवडलं होतं. मी दोन कमानींच्या मधे फोम भरला आणि कमानी तशाच ठेवल्या. बाबा म्हणाले, "झाकून टाक." मी म्हणालो, "बाबा, तुम्ही बस बांधायचात. हे घर आहे." हे वाक्य मी बोललो आहे, म्हणून इथे लिहितो आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो. डेन्व्हरवरून 285 नंबरच्या रस्त्याने केनोशा पास, फेअरप्ले, मग पोंचा पास ओलांडून खाली व्हॅलीत. केनोशाला ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती आणि ती बघायला निम्मं डेन्व्हर तिथे आलं होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, मधूनच माणसं. मला अशी गर्दी सहन होत नाही. झाडं बघायची सोडून मी आरशांत बघत होतो. आमचं इंजिन कमिन्सचं, चार सिलिंडर, 3.9 लिटर, 105 हॉर्सपॉवर. घाटात तीस मैलांच्या वर जायला तयार नाही, आणि ड्रायव्हरच्या शेजारीच एका झाकणाखाली असल्याने केबिनमध्ये पिठाच्या गिरणीचा आवाज. पण ते कमिन्स आहे म्हटल्यावर बाबांना आपलं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. कोथरूडचा कारखाना, तिथे लागलेले नातेवाईक, वर्कशॉपमधला जनरेटर, सगळं निघालं.

अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. म्हणजे बाबा माझ्या उजवीकडे, आणि त्यांचा डावा कान इंजिनाकडे आणि माझ्याकडे. मी शंभरेक मैल बोलत होतो आणि त्यांच्यापर्यंत त्यातलं फारसं काहीच पोचलं नाही. हे मला फेअरप्लेला थांबल्यावर कळलं. मग आम्ही ठरवलं, बोलायचं ते थांबल्यावर. त्यामुळे आम्ही खूप वेळा थांबलो. माझ्या आठवणीतला हा सगळा प्रवास अशा थांब्यांचाच आहे: पायरीवर बसून चहा, बाबा डावीकडे, मी त्यांच्या उजव्या कानाशी.

ग्रेट सँड ड्यून्सच्या पार्कातला कॅम्पग्राउंड भरलेला होता, म्हणून झपाट्याला वर चढलो. साडेतीन मैलांचा खडबडीत, गोटे वर आलेला रस्ता. आत भांडी वाजत होती, एक कपाट उघडून गोडा मसाला सांडला. वर पोचल्यावर मात्र अख्खी व्हॅली पायाशी, आणि दूर वाळूच्या टेकड्या. एवढ्या उंचीवर पाणी शंभराच्या आधीच, नव्वद-एक्याण्णव अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर नेला होता. तीन शिट्ट्या झाल्या, आमटी-भात झाला, छोटा प्रोपेनचा हीटर तासभर लावला. झोपण्याआधी बाबांनी तो हट्टाने बंद करायला लावला, ते बरंच झालं. पण त्यांनी पुढे "खिडकी दोन बोटं उघडी ठेव" म्हटलं तेव्हा मी थंडीच्या नावाखाली खिडकी आणि छतातला पंखा, दोन्ही गच्च बंद केले.

एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. त्यात कुकरची वाफ, आणि दोन माणसांचा रात्रभरचा श्वास. ते पाणी बाहेर जाऊ शकत नाही, तेव्हा ते आतली सगळ्यात गार जागा शोधतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या तिपटी-चौपटीने उष्णता वाहून नेतं. बाहेरची थंडी कमानींतून सरळ आत उतरली होती. फोम लावलेला भाग कोरडा ठणठणीत आणि सातही कमानी ओल्याचिंब. पहाटे पाचला त्यातल्या दोन कमानींवर बर्फाची पापडी धरली.

बाबा मला एकदाही "सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं.

सकाळी अलामोसाला उतरलो. बंद पेशींच्या फोमच्या पट्ट्या, लाकडी बॅटन, स्क्रू, ॲल्युमिनियमची टेप: 63 डॉलर. दुकानाच्या पार्किंगमध्येच काम सुरू केलं. दोन तास होतात न होतात तोच तिथला माणूस येऊन म्हणाला, इथे काम करता येणार नाही, निघा. पार्किंग पाऊण रिकामं होतं. माझं डोकं तडकलं. ज्यांच्या दुकानातून आत्ता सामान घेतलं, त्यांनीच हाकलावं! मी भांडायला खाली उतरलो, पण बाबांनी तोवर हत्यारं गोळा केली होती. "त्याची नोकरी आहे ती," म्हणाले.

गावाबाहेर बटाट्याची काढणी उरकत आलेली होती. सॅन लुईस व्हॅली हा बटाट्याचाच मुलूख. एका शेडच्या आवारात जाऊन विचारलं. मालकाने गाडीकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि अंधार पडायच्या आत फाटक लावून घ्या, एवढीच अट घातली. विजेची वायरही त्यानेच ओढून दिली. दिवसभर आम्ही तिथे होतो. बाबा स्टुलावर उभे, मान मागे, दोन्ही हात वर. मी खालून पट्ट्या कापून देत होतो. कमानीच्या वळणाला पट्टी कशी ताणायची, बॅटनला मागून करवतीचे काप देऊन लाकूड कसं वाकवायचं, हे ते न मोजता करत होते. मधेच त्यांनी हात थांबवून सांगितलं, 1948 साली पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली तिची बॉडी लाकडी होती. ॲल्युमिनियम नंतर आलं, आणि ते शिकायला जुन्या सुतारांना जड गेलं. वर्कशॉपमधल्या त्या जुन्या लोकांनीच त्यांना लाकूड वाकवायला शिकवलं होतं. मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. मी बेचाळीस वर्षांचा आहे.

दुपारी मालकाने बादलीभर बटाटे आणून पायरीवर ठेवले. बाबांनी लगेच काचऱ्या केल्या, मोहरी, हिंग, हळद, तिखट. तो उभ्यानेच खात होता. दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं. जाताना त्याने भिंतीतल्या एका नव्या रिव्हेटवर अंगठा फिरवला आणि बाबांकडे बघून मान हलवली. बाबांनी पत्र्यावर दोनदा टकटक केली.

त्या रात्री आम्ही कोरडे झोपलो. दुसऱ्या दिवशी वाळूच्या टेकड्या पाहिल्या. सव्वादोनशे मीटर उंच आहेत, बाबा निम्म्यावर बसून राहिले आणि मीही बसलो. पुढे टाओस, सांता फे, आठ दिवस, सगळं छान झालं.

सहा कमानी झाकल्या. सातवी, ओट्यावरची, बाबांनी मुद्दाम तशीच ठेवली. मी पट्टी पुढे केली तर म्हणाले, "ही राहू दे. रोज उठलास की हिला हात लाव. ओली लागली तर हवा खेळत नाहीये असं समज."

डिसेंबरमध्ये ते परत गेले. नंतर मी धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर बसवला. हे लिहितोय ते कोलोरॅडोतल्याच सालायडा गावाच्या बाहेर, फेब्रुवारीत, एकटाच. सकाळी सातला फोन वाजतो, तेव्हा फुगेवाडीत संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तब्येत, जेवण वगैरे नंतर. आधी विचारतात, "कमान काय म्हणते?"

आज हात लावला. "ओली आहे," मी सांगितलं.

"मग खिडकी उघड की."

उघडली, दोन बोटं.