गेटवर कसा फौजी हवा?

चाकणच्या एका कारखान्यात मी एचआर बघते. सिक्युरिटी सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती आणि या वेळी माजी सैनिकच घ्यायचा असं वरून ठरलं होतं. मुलाखतीला प्लँट हेड, प्रॉडक्शनचे प्रमुख, अकाउंट्सचे एक वरिष्ठ आणि मी.

उमेदवार आत यायच्या आधीच प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "गडी बघितल्याबरोबर फौजी वाटला पाहिजे. ट्रकवाले नुसत्या आवाजानं सरळ झाले पाहिजेत." अकाउंट्सच्या साहेबांची काळजी उलटी होती. "मिलिटरीवाल्यांचं डोकं लवकर फिरतं. उद्या कुणा कामगारावर हात टाकला तर निस्तरणार कोण?" एकाला हवा होता तो फौजी आणि दुसऱ्याला नको होता तोही, दोघंही सिनेमाच्या पडद्यावरून उतरलेले होते.

मी टेबलावर एका दिवसाचे गेटचे कागद ठेवले होते. आउटवर्ड रजिस्टर, गेटपास, वजनकाट्याच्या पावत्या. प्रत्येकाला द्यायचे आणि विचारायचं, यात काही खटकतंय का? या कामात खरं तर एवढंच बघायचं असतं.

खटाव तालुक्यातले एक हवालदार आले. सिग्नल्समधून, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन दलातून निवृत्त, बेताची उंची, मिशी नाही, बोलणं इतकं हळू की प्लँट हेडनी पंखा कमी करायला लावला. डिस्चार्ज बुकात चारित्र्यापुढे 'एक्झेम्प्लरी'. प्रॉडक्शनच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "किती मारले?"

"एकपण नाही साहेब. गोळी चालवली ती रेंजवर."

"मग लढाई कधी बघितलीच नाही?"

"ग्लेशियरला होतो. तिथं गोळीपेक्षा थंडीचं भ्या जास्त. वायरलेस सेटच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचो. नाहीतर सकाळी सेट बोलत नाही, अन् सेट बोलला नाही तर वरच्या पोस्टवर माणूस आजारी पडलेला खाली कळत नाही."

साहेबांनी मान हलवली आणि मोबाईल हातात घेतला. सियाचीनमध्ये शत्रूपेक्षा हवामानानंच जास्त माणसं नेली, हे त्यांना सांगावं असं मला फार वाटलं. तेवढ्यात हवालदारांनी कागद ओढून घेतले होते. चष्मा लावून एकेका ओळीवर बोट ठेवत गेले आणि थांबले. "मॅडम, ही काट्याची पावती चार-दहाची आहे. गेटपासवर गाडी बाहेर गेली तीन-पन्नासला. वजन व्हायच्या आधी गाडी गेली कशी?"

त्यांच्यानंतर आलेले तोफखान्यातले होते. भरघोस मिशा, दारातच खाडकन सॅल्यूट, खोली दणाणून सोडणारा आवाज. "देशासाठी कधीही जीव द्यायला तयार आहे, साहेब!" कागदांवर एक नजर टाकून म्हणाले, "सगळं ओके, साहेब!" प्रॉडक्शनचे साहेब खुर्चीत पुढे सरसावले. "याला म्हणतात फौजी. लोंगेवालाला असलेच लढले."

मला राहवलं नाही. लोंगेवालाबद्दल मी थोडंफार वाचलेलं आहे. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री राजस्थानात पाकिस्तानच्या सीमेजवळच्या त्या ठाण्यावर 23 पंजाब या पलटणीची एक कंपनी होती, जेमतेम सव्वाशे माणसं. सेकंड लेफ्टनंट धरमवीर गस्तीवर होते. अंधारात त्यांनी रणगाड्यांची घरघर ऐकली आणि ताबडतोब वायरलेसवर कळवली. माघार घ्यायची की थांबायचं, हा निर्णय मेजर कुलदीपसिंग चांदपुरींवर सोपवलेला होता. ते थांबले. रणगाडे जवळ येईपर्यंत गोळी झाडायची नाही, हे सगळ्यांनी पाळलं. काटेरी तारा दिसल्यावर पुढं सुरुंग पेरलेत असं समजून शत्रू अडखळला. आपल्या हंटर विमानांना रात्री उडता येत नव्हतं, म्हणून उजाडेपर्यंत तग धरायचा होता, तो धरला. आणि एवढ्या लढाईत आपले दोन जवान गेले.

याच लढाईवरच्या 1997 च्या 'बॉर्डर' सिनेमात मात्र माणसं पटापट पडतात. त्यात वीरमरण आलेले दाखवलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग राठोड प्रत्यक्षात लढून, सेना मेडल मिळवून जोधपूरकडच्या आपल्या गावी परतले आणि डिसेंबर 2022 मध्ये वारले. लाखो लोकांनी थिएटरात ज्यांना मरताना पाहिलं, ते त्यानंतर पंचवीस वर्षं जगले. सैनिक जिवंत परत आला की आपल्याला तो कमी का वाटावा? मी म्हणाले, "साहेब, ती रात्र ऐकून, कळवून आणि थांबून निभावली. मघाशी ते सिग्नल्सवाले तेच सांगत होते."

प्लँट हेडनी ऐकून घेतलं. निवड मिशांचीच झाली. मी माझं वेगळं मत नोटवर लिहून खाली सही केली.

निवडपत्र द्यायला मी कँटीनमध्ये गेले तेव्हा ते तोफखानावाले चहा घेत बसले होते. आवाज एकदम साधा. तोफेवर होतात का, असं विचारलं.

"नाही मॅडम, क्वार्टरमास्टर स्टोअरला. रेशन, ब्लँकेटं, बूट. सगळा हिशोब माझ्याकडे. आधी एका ठिकाणी हे खरं सांगितलं तर साहेब लोक हसले. म्हणाले, म्हणजे तुम्ही दुकानदारच की. तेव्हापासून पिक्चरमधल्यासारखं बोलतो."

मी गेटपासचं विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. "वेळा मलाबी दिसल्या होत्या. पण कागद वाचत बसलो असतो तर कारकून वाटलो असतो."

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे आम्ही निवडलेला माणूसही योग्यच होता. आयुष्यभर स्टोअर सांभाळलेल्या माणसाएवढी पक्की नजर गेटवर दुसऱ्या कुणाची असणार? पण ज्या कामामुळे तो आम्हाला हवा असायला पाहिजे होता, नेमकं तेच त्यानं लपवलं, कारण आमच्यासारख्यांनी त्याला त्याची लाज वाटायला लावली होती. बर्फात बॅटरी उबेत ठेवणारा आणि हजार माणसांच्या बुटांचा हिशोब ठेवणारा, या दोघांवाचून बंदूकवाला एक दिवस तरी टिकेल का?

त्यांना सांगितलं, रुजू व्हाल तेव्हा स्टोअरवाले म्हणूनच या.

सिग्नल्सच्या हवालदारांना मी स्वतः फोन केला आणि त्या गेटपासमधली चूक त्या दिवशी त्यांनीच दाखवली, हे स्पष्ट सांगितलं. पुढच्या भरतीसाठी मूल्यमापनाच्या तक्त्यातला 'छाप' हा रकाना काढून तिथं कागद तपासणीचे गुण धरावेत, असा प्रस्ताव प्लँट हेडकडे दिला आहे.