वतनाबरोबर आलेले आडनाव

वॉशिंग्टन म्हटले की आपल्यासमोर अमेरिकेची राजधानी येते, नाहीतर एका डॉलरच्या नोटेवरचा तो ओठ घट्ट मिटलेला चेहरा. हे मुळात कोणाचे तरी आडनाव आहे, आणि आडनाव होण्यापूर्वी ते इंग्लंडच्या ईशान्येकडील एका खेड्याचे नाव होते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मला परक्या घराण्यांच्या कुळकथा वाचण्याचा नाद आहे (स्वतःच्या कुळात सांगण्यासारखे फारसे काही हाती लागत नाही, हेही त्याचे एक कारण असावे), आणि त्या नादात भेटलेल्या इंग्रजी आडनावांमध्ये याच्याइतके हात बदललेले दुसरे आडनाव मला आढळलेले नाही.

बाराव्या शतकातला डरहॅमचा बिशप हा केवळ धर्मगुरू नव्हता. त्या मुलखात त्याची सत्ता जवळजवळ राजासारखी चालत असे. त्याच्या जमिनींची आणि त्यांवरील येण्याची जी नोंदवही ११८३ मध्ये तयार झाली, तिला 'बोल्डन बुक' म्हणतात. तीत हर्टबर्नच्या विल्यमची नोंद आहे. या गृहस्थाने आपले हर्टबर्न गाव बिशपला देऊन त्याच्या मोबदल्यात वेसिंग्टन (याचेच पुढे वॉशिंग्टन झाले) हे गाव घेतले. नव्या वतनाच्या अटींमध्ये, बिशप मोठ्या शिकारीला निघाला की चार शिकारी कुत्री घेऊन हजर राहावे, असेही एक कलम होते. वतन बदलले तसे विल्यमने नावही बदलले, आणि हर्टबर्नचा विल्यम वेसिंग्टनचा विल्यम झाला. त्या गावाला वेसिंग्टन हे नाव तरी कोठून मिळाले, तर त्याच्याही कित्येक पिढ्या आधी तेथे शेत राखून असलेल्या वासा नावाच्या कोणा अँग्लो-सॅक्सन माणसावरून, असे मानतात. म्हणजे ज्याच्या नावावरून गाव ओळखले गेले, त्याचे या घराण्याशी कसलेही नाते नव्हते. आपल्याकडे माणूस गाव सोडून बाहेर पडला की त्याला 'कर' चिकटतो आणि पुण्या-मुंबईत त्याच्या नातवंडांनाही ते गाव पुरते. विल्यमचे उलटे झाले; त्याने गावात शिरताना नाव घेतले, आणि जे मागे सोडले ते कायमचे सोडले.

पुढची तीनशे वर्षे मी भराभर ओलांडतो, कारण त्यांत खटले, लग्ने आणि वाटण्या यांपलीकडे फारसे काही नाही. घराण्याची एक शाखा लँकाशायरमधील वॉर्टन येथे गेली आणि तिच्यातला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात नशीब काढायला नॉर्थम्प्टनला आला. तेथे तो महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये याने सल्ग्रेव्हची जमीन खरेदी केली आणि तेथे दगडी वाडा बांधला. तो वाडा आजही उभा आहे, आणि त्याच्या दाराच्या कमानीवर दोन्ही कोपऱ्यांत घराण्याचे चिन्ह कोरलेले आहे. ढालीवर दोन आडवे पट्टे आणि त्यांच्या वर तीन चांदण्या. अमेरिकेच्या ध्वजाचा उगम याच ढालीत आहे, असे सांगण्याची अनेकांना हौस असते. तिला पुरावा मात्र नाही. वॉशिंग्टन शहराने १९३८ मध्ये स्वीकारलेला ध्वज या ढालीवरूनच घेतलेला आहे, हे निर्विवाद आहे.

याच वंशातला आणखी एक लॉरेन्स एसेक्समधील पर्ली गावात पाद्री होता. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांची यादवी पेटली. हा पडला राजाच्या बाजूचा. १६४३ मध्ये पार्लमेंटने त्याला पदावरून काढले, आणि कारण दिले ते दारूच्या गुत्त्यांमध्ये वरचेवर बसण्याचे. त्याला ओळखणारा एकजण मात्र नंतर सांगत राहिला की तो अगदी निर्व्यसनी आणि सभ्य मनुष्य होता. खरे काय ते असो. राजकारणात हरलेल्याची बाटली जिंकलेल्यांच्या डोळ्यांत अधिक भरते, एवढे खरे. बाप दारिद्र्यात वारला आणि मुलगा जॉन जहाजावर नोकरीला लागला. व्हर्जिनियात तंबाखू भरून परत निघालेले ते जहाज १६५७ मध्ये पोटोमॅक नदीत रुतले, आणि जॉन तेथेच राहून गेला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

लंडनच्या राजदरबारातील वंशावळी राखणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्याने राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉर्जकडे पत्र पाठवून घराण्याची माहिती मागवली होती. या विषयाकडे आपण फारच थोडे लक्ष दिले आहे, अशी कबुली जॉर्जने १७९२ च्या उत्तरात दिली. पूर्वज इंग्लंडच्या उत्तरेकडून आले एवढे त्याला माहीत होते, पण लँकाशायर, यॉर्कशायर की त्याहूनही वरचा एखादा प्रांत, हे त्याला सांगता येईना. चार शिकारी कुत्र्यांची गोष्ट बहुधा त्याच्या कानी गेलीच नसावी.

जॉर्जला स्वतःचे अपत्य नव्हते. नाव भावांच्या वंशात चालले. पण ते ज्या दिशेने खरे फोफावले, ती वंशावळीत दाखवता येत नाही. १७९९ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षी, माउंट व्हर्नन या त्याच्या इस्टेटीवर ३१७ गुलाम होते. त्याच्या बऱ्याच आधी, १७७६ मध्ये, आफ्रिकेत जन्मलेला हॅरी नावाचा त्याचा एक गुलाम पळून ब्रिटिशांना जाऊन मिळाला. मालक ब्रिटिशांशी लढत असताना हा ब्रिटिशांच्या बाजूला होता, आणि तेथील दप्तरात त्याचे नाव लागले हॅरी वॉशिंग्टन. युद्ध संपल्यावर तो नोव्हा स्कॉशियाला आणि तेथून सिएरा लिओनला गेला. तेथे वसाहत चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने जमिनीवर सारा बसवला, तेव्हा १८०० मध्ये त्या अन्यायाविरुद्ध उठलेल्या लोकांमध्ये हाही होता, आणि त्यापायी त्याला हद्दपारी भोगावी लागली. ब्रिटिशांच्या कराविरुद्ध उठण्याचा गुण आडनावात असतो की काय, असे वाटावे इतका हा योग चमत्कारिक आहे.

अमेरिकेतील यादवीनंतर गुलामगिरी संपली आणि लक्षावधी माणसांना एकदम आडनावाची गरज पडली. बुकर नावाचा मुलगा पश्चिम व्हर्जिनियात पहिल्यांदा शाळेत बसला, तेव्हा हजेरीच्या वेळी त्याच्या ध्यानात आले की इतर मुलांना दोन-दोन नावे आहेत आणि आपल्याला एकच आहे. पाळी येईपर्यंत त्याने मनाशी विचार केला, आणि मास्तरांनी विचारताच जन्मभर तेच नाव असल्यासारखे शांतपणे सांगितले, "बुकर वॉशिंग्टन." हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते, त्यावरून ते सुचले असावे. हर्टबर्नच्या विल्यमला नाव घेण्यासाठी एक गाव मोजावे लागले होते. या मुलाला बाकावरचे ते काही क्षण पुरले. मला या आडनावाच्या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत अधिक घराणेदार वाटतो.

याच बुकर वॉशिंग्टनने अलाबामातील टस्कीगी येथे संस्था उभारली आणि १८९६ मध्ये तेथे ज्या तरुण शेतीतज्ज्ञाला बोलावून घेतले, तो मराठी वाचकांना घरच्या माणसासारखा परिचित असलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. त्याचे आडनाव तर थेट मालकाचेच, आणि मधले वॉशिंग्टन त्याने नंतर घेतलेले.

२००० च्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसे नोंदली गेली, आणि त्यांतली सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होती. त्यामुळे केवळ नाव वाचून भेटायला आलेल्या माणसासमोर एखादा गोरा वॉशिंग्टन उभा राहिला, तर दचकण्याची पाळी आता पाहुण्यावर येते.