आलिशान एसयूव्ही: मायलेज मोजा, पण देखभालीकडेही बघा

डॅशबोर्डवरच्या मायलेजवर विसंबू नका. टाकी पंपाच्या पहिल्या कटऑफपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा, ट्रिप मीटर शून्य करा, चारपाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तशीच भरा आणि किलोमीटरला या वेळी भरलेल्या लिटरने भागा. वेग 100 वरून 120 वर नेला की हवेचा रोध 44 टक्के वाढतो; उंच, रुंद गाडीला हे फार महागात पडतं. रिकामा रूफ बॉक्सही काढून ठेवा.

माझ्या मते खरा खर्च मात्र देखभालीत आहे. एअर सस्पेन्शनची (स्प्रिंगऐवजी गाडी तोलणारी) हवेची पिशवी झिरपू लागली की तिच्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर जास्त वेळ चालून जळतो. रात्रभर उभी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर लगेच तपासून घ्या. डिझेल गाडी फक्त जवळच्या फेऱ्यांना वापरली, तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्याच काजळीने चोंदतो. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये एकच टायर बदलू नका, घेरातल्या फरकाचा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर) येतो.