अळ्या डब्यात नसतात, झाकणाच्या कडेत असतात

ओल्या कचऱ्याच्या डब्यातल्या अळ्या मारणं सोपं आहे. कचरा नेणारं टिप्पर येऊन गेलं की रिकामा डबा मोरीत किंवा मागच्या दारी न्यायचा, तीन-चार लिटर उकळतं पाणी काठावरून गोल फिरवत ओतायचं, झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं. पातळ प्लास्टिकचा डबा उकळत्या पाण्याने वाकडा होतो. अशा डब्याला हात घालवणार नाही इतपत कडकडीत पाणी पुरे, पण मग वेळ थोडा जास्त द्यायचा. पाणी मातीत ओतायचं, मेलेल्या अळ्या कागदात गुंडाळून कचऱ्यात. एवढ्याने सगळ्यांचं समाधान होतं, आणि आठवडा उलटायच्या आत तोच किळसवाणा प्रकार पुन्हा सुरू होतो. माझा सगळा वैताग या 'पुन्हा'वर आहे.

झाकण उलटं करून बघा. त्याची कड आतल्या बाजूला दुमडलेली असते आणि त्या खाचेत बोटभर काळपट, ओलसर राड साचलेली असते. अळीला उजेड नको असतो, म्हणून झाकण उघडलं की ती आत सरकते. वरून ओतलेलं पाणी तिथे पोचतच नाही. पेडलच्या डब्यात याहून वाईट जागा दोन: मागची बिजागरी, आणि आतली बादली व बाहेरचा डबा यांच्यामधली फट. कचऱ्याचं पाणी झिरपून तळाशी साचतं आणि बादली उचलून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. साध्या बादलीत कडीची भोकं बघायची.

खाचेत तांबूस-तपकिरी, टणक, उंदराच्या लेंड्यांसारखे दाणे दिसले तर ते कोश आहेत. पूर्ण वाढलेली अळी खाणं सोडते, ओल सोडते आणि कोरडी फट शोधून तिथे कोश करते. कोशाचं कवच जाड, त्यामुळे वरवर गरम पाणी मारलं तर आतला जीव वाचू शकतो आणि उबदार हवेत चार-सहा दिवसांत माशी बाहेर येते. म्हणजे डबा लखलखीत धुतला तरी नवी माशी त्याच डब्यातून निघते, आणि आपण बसतो खिडकीच्या जाळीला दोष देत. फिनेलचं तेच. वास दबतो, खाचेतलं काही हलत नाही. कडुलिंबाचा पाला टाका म्हणणाऱ्यांना तर मी आता उत्तरच देत नाही.

म्हणून आधी झाकण सुटं करायचं. बहुतेक पेडल डब्यांची बिजागरी दोन बाजूंनी दाबली की निघते. जुना दातांचा ब्रश आणि भांड्याचा साबण घेऊन खाच घासायची, कोपऱ्यातलं काडीने उकरायचं, कोश वेचून साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचे. नंतर झाकण घमेल्यात पूर्ण बुडेल असं गरम पाणी. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरायची तर नुसत्या पाण्यात, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. त्यात संडासाचं अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर अजिबात मिसळू नये. क्लोरीन वायू निघतो आणि तो छातीत भरतो.

यानंतरचा टप्पा लोक गाळतात तो म्हणजे वाळवणं. अळी ओल्या भिंतीवर सरसर चढते. कोरड्या, गुळगुळीत भिंतीवर तिला पकड मिळत नाही. झाकणाच्या आत दव धरलं की तिला वरपर्यंत रस्ता तयार. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर उन्हाची वाट बघत बसलात तर डबा वाळणारच नाही. जुन्या फडक्याने खाचेसकट पुसायचा आणि पंख्याखाली पालथा ठेवायचा. पावसाळ्यापुरते दोन डबे ठेवलेले उत्तम, एक वापरात आणि एक वाळत. घरात अजून बंब असेल तर त्यातली थंड, कोरडी राख मूठभर तळाला पसरायची. राख नसेल तर जुन्या पेपरच्या चार घड्या. चुन्याची फक्कीही चालते, फक्त ती हाताला आणि डोळ्याला लागू द्यायची नाही.

डबा कोरडा राहायचा तर आत जाणारा कचराही निथळलेला हवा. चहाचा चोथा, कलिंगडाच्या साली, उष्टी आमटी आधी सिंकमधल्या जाळीवर. सगळं पाणी गेलं की मग कागदात.

टिप्पर रोज येतं असं धरून चालायचं नाही. सुट्टी असते, पाऊस असतो, गल्लीत रस्ता उकरलेला असतो. घरमाशी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि उबदार हवेत ती दिवसभराच्या आत फुटतात. सकाळी बसलेल्या माशीचं फळ दुसऱ्या सकाळी डब्यात वळवळतं. गाडी एक दिवस चुकली की खेळ संपला.

त्यातही रविवार-बुधवारच्या मटणाचा हिशोब वेगळा. हाडकांवर येणाऱ्या मांसमाशीला अंडी फुटायची वाटसुद्धा बघावी लागत नाही, ती थेट जिवंत अळ्या टाकते. ताटातली हाडकं उघडी राहिली तेवढा वेळही तिला पुरतो. म्हणून हाडकं, माशाचे खवले, कोळंबीची टरफलं जेवण उरकल्या उरकल्या कागदात, मग पिशवीत हवा काढून गाठ, आणि टिप्पर येईपर्यंत फ्रीजरच्या एका कोपऱ्यात. घरात याला विरोध होतो. सासूबाईंना चालत नसेल तर घट्ट झाकणाचा वेगळा डबा करा, पण ही पिशवी ओल्या कचऱ्याच्या डब्यात नको. लहान मुलांचे डायपरही असेच घट्ट गुंडाळून वेगळे ठेवायचे, माशी त्यांच्यावरही बसते.

मीठ टाकून अळ्या मरतात का, असं विचारतात. मरतात, पण सावकाश, आणि मीठ अळीच्या अंगाला लागलं तरच. तोवर निम्म्या फटीत गेलेल्या असतात.

हो, घरी खत करणाऱ्यांनी मात्र उकळत्या पाण्याची घाई करू नये. खताच्या पिंपात जाड, चपट्या, राखाडी-तपकिरी अळ्या दिसल्या तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. त्या कचराच खातात आणि त्यांच्यातून निघणारी माशी घरातल्या अन्नावर घोंघावत नाही. त्या फार झाल्या तर पिंपात ओल जास्त आहे असं समजावं. गुऱ्हाळावरचं वाळलेलं चिपाड बारीक करून ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट टाकायचं, वरखाली करायचं, आणि पिंपाच्या हवेच्या भोकांना बारीक जाळी बांधायची.