सहाव्या तासाला टीचरच्या वाटेला जाऊ नका

हे वाक्य माझ्याबद्दल आहे आणि मी ते शाळेच्या जिन्यात स्वतःच्या कानांनी ऐकलंय. नववीच्या दोघी पुढे चालल्या होत्या, हातात जर्नल, सही हवी असणार, आणि एक दुसरीला समजावत होती की आत्ता नको गो, सहाव्या तासाला टीचर कशी असते माहितेय ना, सुटताना जाऊया. मी चार पायऱ्या मागे. काही बोलले नाही, तशीच स्टाफरूममध्ये जाऊन बसले आणि पहिला विचार काय आला तर, सहावा तास म्हणजे साडेअकरा, म्हणजे माझी विंडो उघडायला अजून अर्धा तास.

तर ही त्या विंडोची गोष्ट.

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी 44 वर्षांची, 71 किलो, आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 5.9. सायन्स शिकवते, त्यामुळे 5.7 ते 6.4 म्हणजे डायबिटीसचा उंबरठा, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती, सासूबाईंची शुगर घरात रोज बघतेच. मग मोबाईलवर ॲप टाकलं आणि सोळा-आठ सुरू, सोळा तास उपास, आठ तास खाणं, हीच ती विंडो, दुपारी बारा ते रात्री आठ. बारा ते आठच का, तर ॲपमध्ये तेच आधीपासून सेट होतं. एवढाच विचार केला मी, खरंच.

आपल्याकडे उपासाचं कौतुक कोणाला नाही. सोमवार, एकादशी, चवथीच्या आधीची तय (हरतालिका), सगळे उपास आईच्या घरी बघत वाढले, आणि 2018 च्या सुमाराला व्हॉट्सॅपवर दीक्षित की दिवेकर म्हणून घराघरात दोन पार्ट्या पडल्या होत्या ते तुम्हालाही आठवत असेल, एक म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा आणि ते पण 55 मिनिटांत संपवा, दुसरी म्हणते थोडं थोडं दर दोन-तीन तासांनी खा आणि आजी खायची तेच खा. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा त्यावरून दोन बायका आठवडाभर बोलत नव्हत्या. मी तेव्हा कुठल्याच पार्टीत नव्हते, मिरच्या खाण्याच्या पार्टीत होते (भज्यांच्या मिरच्या, पावाबरोबर).

पहिले दोन महिने भारी गेले. साडेतीन किलो उतरले, ब्लाउज सैल झाले, लोक विचारायला लागले. पण त्याच दोन महिन्यांत घरी काय चाललं होतं ते मला दिसतच नव्हतं. माझी शाळा पावणेआठला. उठते साडेपाचला. साडेदहाला रिसेस, तेव्हा सगळ्याजणी डबे उघडतात, कँटीनमधून पातळ भाजी आणि पाव येतो, तो वास, आणि मी कोपऱ्यात काळी कॉफी घेऊन बसलेली, चेहऱ्यावर संन्याशाचा भाव. विंडो उघडणार बाराला पण बाराला माझा सातवा तास, मग आठवा, मग बस, घरी पोचेपर्यंत दोन. म्हणजे कागदावर सोळा तास, प्रत्यक्षात अठरा. दोनला ताटावर तुटून पडायचं, भाताचे दोन डोंगर, मग तास-दीड तास झोप, उठल्यावर डोकं जड, पाचला चहाबरोबर फरसाण, शंकरपाळे, आणि मग आठ वाजायच्या आत जे दिसेल ते, कारण आठला गेट बंद! एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते मी रोज करत होते, फक्त इंग्लिश नावाने.

आणि मूड. मुलगा बारावीला, तो एकदा म्हणाला आई तू आजकाल पेपर तपासल्यासारखी बोलतेस. नवरा काही बोललाच नाही, जे जास्त वाईट. सासूबाई मात्र स्पष्ट, एका रविवारी मी गॅसच्या बिलावरून (गॅसच्या बिलावरून!) आवाज चढवला तर त्यांनी वाटी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "आदीं पेज जेव, मागीर उलय." (आधी पेज खा, मग बोल.) घरी आम्ही कोकणीच बोलतो, लिहायला बसलं की मराठी येतं, ते का ते विचारू नका, गोव्यात हा वेगळा विषय आहे.

जिन्यातल्या त्या प्रसंगानंतर मी एक वही केली. ॲप नाही, शंभर पानी वही. तीन आठवडे रोज किती वाजता काय खाल्लं, झोप किती, आणि दर दोन तासांनी मूडला पाचपैकी मार्क, जसं कळेल तसं. मार्क द्यायची सवय असल्याने ते सोपं गेलं. तीन आठवड्यांनी बघितलं तर माझे नापास तास दोनच, सकाळी अकरा ते एक आणि दुपारी तीन ते चार. दुसरा तर सरळ होता, अठरा तासांनी पोटात भात ओतला की झोप येणारच. पण सकाळच्या तासांत एक गंमत होती, ते रोज नापास नव्हते. आदल्या संध्याकाळी अंडी किंवा मासे किंवा अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची नारळाची आमटी) खाल्लं असेल तर दुसऱ्या दिवशी अकराला मी बरी असायची, आणि आदल्या संध्याकाळी चहा-खारी-जॅम असं काहीबाही खाऊन गेट बंद केलं असेल तर सहाव्या तासाला मुलांचं काही खरं नाही. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस तर काहीही खाल्लं असलं तरी नापास, त्या दिवसांत आता मी बारा तासांच्या वर ताणतच नाही.

आता थोडं सायन्स, सवय जात नाही. आपल्या लिव्हरमध्ये साठवलेलं ग्लायकोजन (साठवणीतली साखर) असतं साधारण 100 ग्रॅम, आणि एकट्या मेंदूलाच दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. रात्रभरात त्या साठ्यातला बराच खर्च झालेला असतो, मग शरीर चरबी जाळायला घेतं, लिव्हर नवीन ग्लुकोज बनवायला लागतं, ते सगळं व्यवस्थित चालतं, पण त्या गिअर बदलण्यात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स पण कामाला लागतात आणि त्यांचंच दुसरं नाव हात थरथरणं आणि चिडचिड. त्यात मी चार तास उभी, मोठ्याने बोलतेय, वर उपाशी पोटी दोन कप काळी कॉफी. शिवाय उपासात इन्शुलिन खाली आलं की किडनी मीठ जास्त बाहेर टाकते, पाणी पण जातं, त्याने डोकं दुखतं आणि उठताना गरगरतं, मी ते भूक समजत होते. गोव्यातल्या ऑक्टोबरच्या घामात तर बघायलाच नको. भूक म्हणाल तर ती लाटेसारखी येते, घ्रेलिन नावाचं हार्मोन आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळेला वर चढतं आणि न खाल्लं तरी परत खाली येतं, म्हणून नवीन वेळेची सवय दोन-तीन आठवड्यांत होते. भुकेची सवय झाली मला. चिडचिडीची नाही झाली, घरच्यांना तर नाहीच नाही.

आणि हो, ते नोबेल. उपासाला नोबेल मिळालं म्हणून जो फॉरवर्ड फिरतो त्यावर माझा खास राग आहे. 2016 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल योशिनोरी ओसुमींना मिळालं ते पेशी स्वतःचा कचरा कशा मोडून परत वापरतात, त्या ऑटोफॅजीच्या यंत्रणेसाठी, आणि त्यांचं ते मूळ काम यीस्टवर आहे, यीस्टवर! सोळा-आठ करणाऱ्या फोंड्याच्या टीचरवर नाही.

उलट माणसांवर जे प्रयोग झाले त्यातला एक वाचून मी हसले. 2020 मध्ये अमेरिकेत 116 लोकांवर बारा आठवडे, विंडो दुपारी बारा ते रात्री आठ, माझीच! उपासवाल्यांचं वजन सरासरी एक किलोलाही थोडं कमीच उतरलं आणि तीन वेळा जेवणाऱ्यांच्या तुलनेत फरक म्हणावा असा काही नव्हता. 2022 मध्ये चीनमध्ये 139 जणांवर वर्षभर केलं, दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या, तिथेही घड्याळाने वेगळं काही मिळालं नाही. पण 2018 चा एक छोटा प्रयोग आहे, फक्त आठ पुरुष, सगळे बॉर्डरलाइन शुगरचे, त्यांना सगळं खाणं सकाळपासून सहा तासांत, रात्रीचं जेवण दुपारी तीनच्या आत, असं पाच आठवडे ठेवलं तर वजन न उतरताही इन्शुलिन जास्त चांगलं काम करायला लागलं आणि बीपी उतरलं. आठच माणसं, त्यातून पुरुष, म्हणून त्यावर मंदिर बांधू नये. पण माझ्या डोक्यात आलं ते असं की उपास किती तास हे मी धरून बसले होते, आणि घड्याळात तो कुठे ठेवला हे बघितलंच नव्हतं.

सासूबाईंना विचारलं तुम्ही लहानपणी किती वाजता जेवायचात. माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, आठ भावंडं. म्हणाल्या सकाळी नुसता चहा, दहाच्या सुमाराला शेतातून आल्यावर पेज, दुपारी शीत-कडी (भात-आमटी), आणि दिवेलागणीला जे असेल ते जेवून आडवं, वीज कुठे होती. मी वहीत गणित केलं तर तेरा-चौदा तासांचा उपास रोज, कोणी ॲप न विकता. (चहात गूळ असायचा, तेवढं सोडा.)

मग विंडो उचलून मागे नेली. साडेदहा ते साडेसहा, सोळा तासच. रिसेसला आता मी पण डबा उघडते, उकड्या तांदळाची पेज, मीठ घातलेली, बरोबर चेपणीतल्या तोराची (मिठात मुरवलेल्या कैरीची) फोड. मीठ, पाणी आणि सावकाश चढणारी ताकद एका डब्यात, डोकेदुखी पहिल्याच आठवड्यात गेली. पण नुसती पेज म्हणजे जवळजवळ सगळा भातच, आणि मला वजनाच्या हिशोबाने रोज 55 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं (आयसीएमआरचा हिशोब किलोला 0.83 ग्रॅम), म्हणून बरोबर दोन उकडलेली अंडी, शिवराक (शाकाहारी) वार असेल तर मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची नारळातली भाजी. एकदा सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, खोबरं घातलेली कोशिंबीर, नेली होती तर मॅथ्सच्या टीचरने खिडक्या उघडल्या आणि मग स्वतःच अर्धी खाल्ली. दुपारी सव्वादोनला साधं जेवण, भाताचा एकच डोंगर, बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी (शंभर ग्रॅम बांगड्यात 19-20 ग्रॅम प्रोटीन असतंच), एक भाजी, सोलकढी. झोप येत नाही असं नाही, पण वीस मिनिटांत उठते. संध्याकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू वाजला की पोयी घ्यायची, कोंड्याचा तो गोव्याचा पाव, आणि तोणाक किंवा ऑम्लेटबरोबर खाऊन साडेसहाला आवरायचं. कॉफी आता पेजेनंतर.

सगळं जमलं असं नाही हां. वजन 67.5 ला अडकलंय ते अडकलंय. लग्नाची जेवणं, जत्रा, चवथीचे दिवस, तेव्हा मी विंडो वगैरे काही बघत नाही, नेवऱ्या (करंज्या) समोर असताना घड्याळ बघणाऱ्या बाईचं मला भय वाटतं. रात्री नऊला घरचे जेवायला बसतात तेव्हा मी नुसती लिंबूपाणी घेऊन बसते, पहिल्यांदा विचित्र वाटायचं, आता माशांचे काटे काढून द्यायचं काम माझ्याकडे आलंय.

आणि एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. मधल्या काळात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 10.4. म्हणजे जे मी उपासाच्या नावावर खपवत होते, जिने चढताना धाप, दुपारी गळून जाणं, त्यातलं बरंचसं हे होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाबरोबर चहा-कॉफी बंद करायला सांगितलं कारण त्याने लोह शरीरात नीट शोषलं जात नाही, लिंबू पिळा म्हणाले. आता 11.9 आहे. म्हणून मूड सुधारला त्यातलं पेजेचं किती आणि गोळीचं किती ते वही पण सांगू शकत नाही, दोन्ही एकाच महिन्यात सुरू केलं, नववीच्या पोराने प्रॅक्टिकलला अशी चूक केली असती तर मी मार्क कापले असते.

मला बघून सासूबाई पण म्हणायला लागल्या मी पण सोळा तास धरते. त्यांना मी साफ नाही म्हणलं. त्या ग्लिमेपिराइड घेतात, ती गोळी पोटात काही असो नसो इन्शुलिन सोडायला लावते, वर उपास केला तर शुगर धाडकन खाली येऊन चक्कर येऊन पडायचीच वेळ. डॉक्टरांना विचारल्याशिवाय शुगरच्या गोळीवाल्यांनी हे करूच नये, आणि गरोदर बायकांनी, वाढत्या मुलांनी, खाण्यावरून आधीच त्रास झालेल्यांनी तर नाहीच. त्या थोड्या रुसल्या. म्हणाल्या सत्तरीत आम्हाला कोणी डॉक्टर नव्हता. मी म्हणलं सत्तरीत गोळी पण नव्हती.

त्या दोघी मुली परवा जर्नल घेऊन आल्या होत्या, सहाव्याच तासाला. सही केली. एकीने प्रयोगाची तारीख चुकीची घातली होती तर ओरडले थोडं, ते असू दे.

आता सहा वाजून पन्नास मिनिटं झालीत, बाहेर मुसळधार पाऊस, तोणाक गॅसवर गरम आहे आणि पोदेराचा पत्ता नाही. नवरा विचारतोय शीत वाढू का. अजून दहा मिनिटं थांबते, मला पोयीच हवी आहे.