सिंगल टोनवर 40 डीबी, खऱ्या सिग्नलवर 12

दोन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकतो.

एफडीडी रेडिओ (बोलायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगवेगळी) एकाच अँटेनावर एकाच वेळी बोलतो पण आणि ऐकतो पण. आपण 23 डीबीएमने (1 मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) ओरडतो, डुप्लेक्सर (दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारा फिल्टर) त्यातलं 50 डीबी (दर 10 डीबीला पॉवर दहापट कमी) अडवतो, उरलेलं उणे 27 आपल्याच रिसीव्हरच्या तोंडावर आदळतं. 10 मेगाहर्ट्झमधला थर्मल नॉइज (उष्णतेमुळे असणारी मूळची खरखर) उणे 104. म्हणजे आपलाच आवाज 5 कोटी पट मोठा. म्हणून चिपवर कॅन्सलर: पीएच्या (पाठवणाऱ्या बाजूचा पॉवर ॲम्प्लिफायर) आउटपुटवरून थोडा सिग्नल घ्यायचा, गेन-फेज जुळवून एलएनएच्या (रिसीव्हरचा पहिला ॲम्प्लिफायर) इनपुटला उलटा मिसळायचा.

कॅन्सलर माझा ब्लॉक. लेआउट तीनदा पुसून केला, फेजची स्टेप 1 डिग्रीच्या आत आणली, कारण नुसता 3 डिग्रीचा फरक राहिला तरी गाडी 25-26 डीबीवर अडते. चिप आली, सिंगल टोन (एकच फ्रिक्वेन्सी) लावला, आपला आवाज 40 डीबीने कमी! मॅनेजरनी त्याच दुपारी स्लाइड वरिष्ठांकडे पाठवली. त्यांना आकडा मिळाला की प्रश्न सुचत नाहीत.

मग 10 मेगाहर्ट्झ रुंद एलटीई (4जी) सिग्नल लावला तर जेमतेम 12. डिजिटलवाले लगेच 'ॲनालॉगचा प्रॉब्लेम', त्यांचं हे ठरलेलंच असतं. मी दिवसभर कोड (गेन-फेजची सेटिंग) फिरवत बसलो, सप्लाय बघितला, ग्राउंड बघितलं. संध्याकाळी स्पेक्ट्रम झूम केला तेव्हा दिसलं, मधोमध खोल खड्डा आणि दोन्ही खांदे तसेच उभे, कोड बदलला की खड्डा नुसता डावी-उजवीकडे सरकतो, रुंद काही होत नाही.

डिले!! डुप्लेक्सरमधून यायला सिग्नलला 15 नॅनोसेकंद लागतात आणि माझा रस्ता जवळपास शून्य. 10 मेगाहर्ट्झवर 54 डिग्री फेज फिरते, मधे जुळवलं तरी कडेला 27 डिग्री चूक, तिथे 6-7 डीबीच मिळणार. कागदावर दोन मिनिटांचं गणित, आणि डिझाइन रिव्ह्यूत बसलेल्या आम्हा सहा जणांपैकी कोणी केलं नाही, मी तर नाहीच.

खात्रीसाठी कपलर (पीएवरून सिग्नल घेणारा भाग) आणि कॅन्सलरच्या मधे 3 मीटर कोॲक्स केबल (साधारण तेवढाच 15 नॅनोसेकंद डिले) गुंडाळून लावली, केबलचा लॉस गेनमध्ये भरून काढला. खांदे बसले, 12 चे 29 झाले.

आता 3 मिलिमीटरच्या चिपमध्ये 3 मीटर केबल कुठून आणू? दोन बँडपास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच जाऊ देणारे) पॅरलल लावून तेवढा डिले बँडपुरता तयार करता येतो, पण त्यांचा नॉइज थेट एलएनएच्या तोंडाशी येतो, तिथेच अडकलोय. स्लाइडवर अजून 40 च आहे.